बेटाला आईचा नंबर

संध्याकाळचे सहा वाजले की ईश्वरी टॅब पोटाशी धरून गच्चीचा जिना चढायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, यावलच्या दिशेने तोंड करून बसलं तरच नेट यायचं, तेही दोन दांड्या. घराच्या तिन्ही बाजूंना केळीच्या बागा. ईश्वरीचा बाबा प्रेमराज म्हणायचा, "आपल्याकडे नेट येतं, पण पानात अडकून बसतं."

मग वरून आवाज यायचा, "मोठी आई, आलीस का गं?" आणि खाली स्वयंपाकघरात सुलक्षणाच्या हाताखालची भाकरी एका बाजूने जाड व्हायची.

मोठी आई म्हणजे पुनम, सुलक्षणाची थोरली जाऊ. ती आणि हेमराजनाना धुळ्याला देवपुरात राहायचे. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. थोरल्या काकूला मोठी आई म्हणायचं हे सुलक्षणानेच लेकीला शिकवलं होतं, ईश्वरीला जेमतेम बोलता येत होतं तेव्हा. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी गच्चीवरून ती हाक यायची, आणि त्या घरात एक आई मोठी असेल तर दुसरी आपोआप काय होते, हे सुलक्षणाला पोळपाटापाशी उभ्या उभ्या कळायचं.

सगळं सुरू झालं गेल्या जूनमध्ये. दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टरांनी सुलक्षणाला अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं. पाच वर्षांच्या ईश्वरीचं कोण करणार? पुनमताई स्वतः गाडी करून आल्या आणि तिला घेऊन गेल्या. साडेतीन महिने ईश्वरी धुळ्यात राहिली. तिथे त्यांनी तिच्यासाठी टॅबवर एक गेम घेतला, 'बेटावरचं घर'. समुद्रात एक बेट, दोघींनी मिळून ते वसवायचं. घर बांधायचं, झाडं लावायची, एकमेकींच्या झाडांना पाणी घालायचं, खेळता खेळता टॅबमधूनच बोलायचं. दोघी आपापल्या टॅबवर असल्या तरी बेट एकच. फक्त नेट हवं. नेट गेलं की बेट दिसेनासं व्हायचं आणि पडद्यावर एक करडा ढग यायचा, मधोमध रेघ मारलेला.

गेम उघडताना त्यात पालकांचा मोबाइल नंबर विचारला होता. हेमराजनाना स्वतःचाच टाकणार होते. पण ईश्वरीने विचारताच आईचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. भुसावळ स्टेशनवर गर्दीत हरवली तर असावा म्हणून सुलक्षणाने तो तिच्याकडून झोपताना रोज म्हणून घेतला होता, अंगाईसारखा. पुनमताईंना त्या घडाघडा म्हणण्याचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी तोच भरला. सुलक्षणा तेव्हा दवाखान्यात होती. पुनमताईंचा फोन आला, "सुलक्षणा, तुझ्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल, तेवढा सांग गं." तिने सांगितला. कशासाठी, हेही विचारलं नाही.

सप्टेंबरात ईश्वरी घरी परत आली, तेव्हा सुलक्षणा बाळाला बाजूला ठेवून दारात उभी होती. दोन्ही हात पसरून. ईश्वरी गाडीतून उतरली, आईजवळ आली, आणि म्हणाली, "आई, आपल्याकडे नेट कुठे येतं?"

ते वाक्य अजून सुलक्षणाच्या अंगात काट्यासारखं होतं.

त्यात संक्रांतीला आलेल्या हेमराजनानांनी तिळगूळ देता देता विषय काढला होता. जूनला ईश्वरी पहिलीत जाणार. धुळ्याला शाळा चांगली, घरापासून पाच मिनिटांवर. "राहू द्या ना आमच्याकडे. लहान्याचं तुम्हाला पुरतंय. आखाजीपर्यंत विचार करून सांगा."

प्रेमराज अर्धा तयारच होता. "दर शनिवारी आणू की तिला. पोरीचं भलं होईल. आणि तीच म्हणते ना?"

तीच म्हणत होती, हे खरं. नेट तुटलं, ढग आला, की ईश्वरी पाय आपटत खाली यायची. "मी मोठ्या आईकडेच राहणार. तिथे ढग येत नाही."

एका ढगासाठी आपली लेक जाणार, याचं सुलक्षणाला हसू येत नव्हतं. पुनमताईंमध्ये काही खोट सापडावी म्हणून ती मनात उलटसुलट करून बघायची. बाई कधी उंच आवाजात बोलत नाहीत, हीच खोट. सहा म्हणजे सहालाच येतात, हीच खोट. इकडे सुलक्षणाला बोलावलं तर बाळ छातीशी, दूध उतू जातंय, "थांब गं जरा" हेच पहिलं उत्तर. थांब न म्हणणारी आई कुठल्याही पोरीला आवडणारच.

मार्चमध्ये ती बाळाला दाखवायला जळगावला गेली, तेव्हा बस स्टँडजवळच्या भूपेंद्रच्या दुकानात शिरली. भूपेंद्र प्रेमराजचा कॉलेजातला मित्र. मोबाइल दुरुस्त करायचा, गेम टाकून द्यायचा.

"भाऊ, नेट न लागणारा एखादा गेम द्या. दोघींना खेळता येईल असा."

भूपेंद्र हसला. "वहिनी, आता गेम विकत घेतला तरी तो आपला नसतो. घर आपलं, चावी कंपनीकडे. नेट नसलं की दारातच उभं राहायचं. जुन्यातलं बघतो." त्याने शोधून शोधून कॅरम टाकून दिला.

दोन दिवस मायलेकी ओट्यावर बसून टॅबवर कॅरम खेळल्या. सुलक्षणा हरायची, ईश्वरी टाळ्या पिटायची. तिसऱ्या दिवशी ईश्वरीने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आई, तू मुद्दाम हरतेस."

"नाही गं."

"हरतेस. मोठी आई मुद्दाम नाही हरत." आणि सहा वाजले म्हणून ती गच्चीवर निघून गेली.

एप्रिलच्या बारा तारखेला, दुपारी, बाळ नुकतंच झोपलं होतं तेव्हा सुलक्षणाच्या फोनवर एक मेसेज आला. इंग्रजीत होता. तिने बीए केलं होतं, पण असले मेसेज ती वाचत नसे. हा वाचला, कारण त्यात ईश्वरीचं नाव होतं. पालकांसाठी सूचना, असं वर लिहिलेलं. 'बेटावरचं घर' हा गेम तीस एप्रिलला संध्याकाळी कायमचा बंद होणार. त्यानंतर सगळी बेटं पुसली जातील. ज्यांना आपलं बेट हवं असेल त्यांनी त्याआधी ते आपल्या टॅबवर उतरवून घ्यावं, मग ते नेटशिवाय चालेल. प्रत्येक बेट एकदाच आणि एकाच टॅबवर उतरवता येईल. त्यासाठी पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येईल.

तिने ते तीनदा वाचलं. मग उठून चेहऱ्यावर पाणी मारलं. मनातल्या मनात वजाबाकी केली. बेट गेलं, तर सहा वाजता गच्ची नाही. गच्ची नाही, तर ढग नाही. ढग नाही, तर धुळं कशाला?

काही करायचंही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

त्या संध्याकाळी तिने काही कारण नसताना शिरा केला. प्रेमराज म्हणाला, "आज काय विशेष?" ती म्हणाली, "रवा होता."

पुढचे दहा-बारा दिवस ती इतकी गोड वागली की तिचं तिलाच चमत्कारिक वाटायला लागलं. सहा वाजता ती स्वतःच हाक मारायची, "ईशू, मोठी आई आली असेल बघ." आता थोडेच दिवस, असं मनाशी म्हणत बाळाला थोपटायची. एकदा गच्चीवर कपडे काढायला गेली तर टॅबवर इंग्रजीतली एक पाटी आली होती. ईश्वरीने ती वाचता येत नाही म्हणून कोपऱ्यातली फुली दाबून घालवून टाकली. सुलक्षणाने पाहिलं, आणि वाळलेले कपडे हातावर टाकून खाली आली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ येत होती. खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात. भाऊ न्यायला येतो, त्याला मूळ येणं म्हणतात. लिंबाला झोका बांधतात, बाया त्यावर उभ्या राहून उंच जातात, मांडे आणि आमरसाचं जेवण असतं. या वर्षी आखाजी नेमकी तीस एप्रिलला होती. बाळ लहान, ऊन मरणाचं, म्हणून सुलक्षणाने माहेरी येत नाही असं कळवून टाकलं होतं.

सव्वीस तारखेला दुपारी ती बाळाला पाजत आतल्या खोलीत बसली होती. ओट्यावर भिकुबाई शेंगा फोडत होती. ती मूळची साक्रीकडची, केळीच्या कामाला इकडे येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं अहिराणीच. तिच्याजवळ बसून ईश्वरी तिला बेट दाखवत होती. नेट नव्हतं, म्हणून पाटीवर खडूने काढून.

"आठे काय शे?" भिकुबाईने विचारलं.

"आंब्याचं झाड. त्याला झोका बांधायचाय. दोरीसाठी शंभर शंख लागतात. आमचे अठ्ठ्याण्णव झाले."

"झोका कोना करता व माय?"

"मोठ्या आईकरता. आखाजीला." ईश्वरी खडू घासत होती. "तिला माहेर नाहीये ना. तिची आई देवाघरी गेली, मामा सुरतला गेला, चाळीसगावच्या घराला कुलूप आहे. तिला कोणीच मूळ पाठवत नाही. म्हणून मी म्हटलं, तू आखाजीला बेटावर ये. मी मूळ पाठवते."

"मंग?"

"मग ती रडली. आणि म्हणाली, येते."

भिकुबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बठ्ठं शहाणपण तुनाच पोटमा शे," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

आत सुलक्षणाने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. बाळ पीत होतं, डोळे मिटून, जगात दुसरं काही नसल्यासारखं. तीस तारखेची संध्याकाळ तिला दिसली. पुनमताई नवी साडी नेसून देवपुरातल्या फ्लॅटमध्ये टॅब घेऊन बसल्यात. माहेरी निघाल्यात. आणि पडद्यावर ढग.

मत्सर गेला असं नाही. उलट तिला पहिल्यांदा असं वाटलं, की तिच्या पोरीने आखाजीचं मूळ धाडायचं ठरवलं तेही दुसरीलाच. पण मत्सरापेक्षा आता लाज जास्त कडू होती.

तिने बाहेर येऊन ईश्वरीला मांडीवर ओढलं. "ईशू, तुला खरंच धुळ्याला राहायचंय?"

"तिथे ढग येत नाही."

"आणि इथे पण ढग आला नाही तर? कधीच?"

ईश्वरीने खडूचं बोट फ्रॉकला पुसलं. हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "मग कशाला जायचं? मोठ्या आईलाच इथे बोलवू."

दुसऱ्या दिवशी बाळाला लस द्यायला म्हणून सुलक्षणा सकाळच्या बसने दोन्ही मुलांना घेऊन जळगावला गेली. लस आधी दिली, मग बाळ खांद्यावर रडत असतानाच भूपेंद्रच्या दुकानात. नऊ जीबीचं बेट होतं. गच्चीवरच्या दोन दांड्यांवर ते आखाजीपर्यंत काय, दिवाळीपर्यंत उतरलं नसतं.

भूपेंद्रने टॅब लावला, दुकानातलं नेट दिलं, पाटी वाचली, सुलक्षणाच्या फोनवर आलेला ओटीपी टाकला. "वहिनी, तीनच दिवस राहिलेत की! इतके दिवस काय केलं?"

"बाळ लहान आहे ना," सुलक्षणा म्हणाली, आणि आपल्या खोटेपणाला नऊ महिन्यांच्या जिवाला पुढे केलं म्हणून तिलाच कसंसं झालं.

"आणि हे बघा, दुसरी जी खेळणारी आहे ना, पुनम, तिची परवानगी आल्याशिवाय उतरलेलं बेट उघडणार नाही. तिच्या टॅबवर विचारणा गेली असेल आता."

सुलक्षणाचा फोन वाजला. पुनमताईच होत्या.

ती दुकानाच्या पायरीवर आली. ऊन डोळ्यांत घुसत होतं.

"सुलक्षणा," पुनमताई म्हणाल्या, "तू बेट उतरवून घेतेयस?"

"हो. ताई, मला बारा तारखेलाच मेसेज आला होता. मी सांगितलं नाही." एका दमात बोलून टाकलं तिने. "मुद्दाम नाही सांगितलं."

मग पुनमताई म्हणाल्या, "मला माहितीये. मला पण बारालाच दिसलं होतं. रोज ती पाटी येते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? ओटीपी तुझ्याकडे. मागितला असता तर तू म्हणाली असतीस, पोरगी पण पाहिजे आणि बेट पण पाहिजे." त्या हसल्या, पण नीट हसता आलं नाही. "रोज वाटायचं, आज सुलक्षणा फोन करेल. नाही केलास की राग यायचा. आणि ईशूला सांगायची भीती वाटायची. बेटच नाही म्हटल्यावर माझ्याकडे कशाला येईल ती? तुला काय गं, तुझ्याकडे ती उगीचसुद्धा येते."

उगीचसुद्धा. सुलक्षणाला कपडे वाळत घालताना पायात घोटाळणारी, भाकरीचा पापुद्रा मागणारी, झोपेत पोटावर पाय टाकणारी ईश्वरी आठवली. हे सगळं कोणी दुरून हेव्याने बघत असेल, असं तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"कुठे उतरवतेयस?" पुनमताईंनी विचारलं. "एकाच टॅबवर होतं ना."

मोठ्या मनाने सुलक्षणाला म्हणता आलं असतं, तुमच्या टॅबवर घ्या. जिभेवर आलंही होतं. आतून ईश्वरीचा आवाज आला, "आई, बघ ना, पंचवीस टक्के!"

"माझ्याकडे," सुलक्षणा म्हणाली.

"बरं."

तो 'बरं' सुलक्षणाच्या ओळखीचा होता. गेले सात महिने ती तसाच म्हणत होती, गच्चीकडे बघून.

"ताई, ऐका. नेटशिवाय खेळायचं तर दोघींना एकाच टॅबवर, शेजारी बसून खेळावं लागतं. म्हणजे तुम्हाला इथे यावं लागणार. आखाजीला या. परवा यांना मूळ म्हणून पाठवते."

"अगं, सासरहून मूळ कोण पाठवतं?"

"ईशूने आधीच पाठवलंय. मी फक्त गाडी पाठवतेय."

"आणि शाळेचं?" पुनमताईंनी शेवटी विचारलं, अगदी हळू.

"ती इथेच राहील, ताई."

"हं." मग नाक ओढल्याचा आवाज. "नानांना मी सांगते. तू नको सांगू. आणि तुझ्याकडे मांडे भाजायचं खापर आहे की मी आणू?"

"आणा. माझे मांडे फाटतात."

"माहितीये," पुनमताई म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने टॅबवर परवानगी आली.

आखाजीला दुपारची जेवणं झाल्यावर ओट्यावर सतरंजी पसरली. अंगणातल्या लिंबाला खरा झोका होता, त्यावर वाडीवस्तीच्या पोरींची झुंबड. पण ईश्वरी आणि मोठी आई टॅबमधल्या आंब्याला झोका बांधण्यात गुंग होत्या. शंभरावा शंख त्यांनी जळगावहून उतरवून आणलेल्या बेटाच्या पार मागच्या किनाऱ्यावर शोधून काढला होता. पुनमताई हिरवी साडी नेसल्या होत्या. ईश्वरी त्यांच्या कुशीत अशी रेलली होती की सुलक्षणाला दुसरीकडे बघावं लागलं.

"मी पण येऊ?" तिने शेवटी विचारलं.

"दोघींचंच आहे ते," ईश्वरी मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, आणि आत पाळण्यात बाळाने भोकाड पसरलं. सुलक्षणा सवयीने उठायला लागली. पुनमताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि टॅबचं आपलं टोक तिच्या हातात दिलं.

"धर. माझ्या आंब्याला पाणी घाल. जास्त नको, कुजतो."

त्या आत गेल्या. ईश्वरी सरकून आईला चिकटली. "आई, अंगठा इथे ठेव. अगं तिकडे नाही, तो माझा! तुला काहीच येत नाही."

"शिकव मग."

"मुद्दाम नाही ना करत?"

"नाही गं. खरंच येत नाही."

ईश्वरीने आईचा अंगठा दोन बोटांत धरून जागेवर ठेवला. आंब्याला पाणी पडलं, निम्मं बाहेर सांडलं.

आत बाळ रडायचं थांबलं. पुनमताईंनी घेतल्या घेतल्या, लगेच. सुलक्षणाने दाराकडे वळून पाहिलं, ओठ दाबले, आणि पुन्हा झारी वाकवली.